मराठीतले संशोधन कोणत्या खात्यात धरायचे? विद्यापीठ अनुदान आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
विद्यापीठ अनुदान आयोग,
बहादूरशाह जफर मार्ग, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, नवी दिल्ली

विषय : सामाजिक शास्त्रांतील संशोधनाच्या मोजमापाबाबत

महोदय,

३ ऑक्टोबर २०२४ या एकाच दिवशी दिल्लीत दोन निर्णय झाले. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि तुमच्या आयोगाने यूजीसी-केअर ही संशोधन नियतकालिकांची यादी बंद करायचे ठरवले. पहिल्या निर्णयाचे पेढे आमच्या स्टाफरूममध्ये वाटले गेले. दुसऱ्याची जाहीर सूचना फेब्रुवारी २०२५ मध्ये आली आणि तिचे परिणाम अंगावर यायला आणखी काही महिने लागले. आता ते आले आहेत. मराठीत सामाजिक शास्त्रांचे संशोधन लिहिणाऱ्याचे काम मोजायचे साधन आज कोणाकडेच नाही, आणि जे मोजता येत नाही ते झालेच नाही असे धरून कारभार चालला आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. अभ्यासाचा विषय ऊसतोड कामगारांची कुटुंबे. दिवाळी झाली की आमच्या वर्गातली काही मुले दिसेनाशी होतात. आईबापांबरोबर कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात फडावर गेलेली असतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, हंगाम संपला तरी अंगावर राहणारी बाकी, एक दिवस आजारपणात गेला तर लागणारा खाडा, या सगळ्याचा हिशेब मी कुटुंबा-कुटुंबांतून गोळा केला आणि त्यावर मराठीत लेख लिहिला. मराठीत अशासाठी, की मुलाखती मराठीत होत्या आणि ज्यांनी तो वाचावा असे मला वाटत होते, म्हणजे हंगामी वसतिगृहे चालवणारे मुख्याध्यापक, पंचायत समितीतले अधिकारी, कामगार संघटनांची माणसे, ती सगळी मराठीच वाचतात. लेख एका जुन्या, संपादक मंडळ असलेल्या त्रैमासिकात छापून आला. दोन परीक्षकांनी तो तपासला होता आणि एकाने उचलीच्या तक्त्यातली गणिते पुन्हा करायला लावली होती.

कॅस या बढती योजनेतल्या स्थाननिश्चितीसाठी फाईल गेली तेव्हा छाननी समितीतल्या एका सदस्याने विचारले, ‘हे नियतकालिक कशात इंडेक्स्ड आहे?’ कोणत्याच सूचीत त्याची नोंद नाही. ‘मग याचे गुण कोणत्या खात्यात धरू?’ ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी लेख चाळला, तक्ता बघितला, चांगला आहे म्हणाले आणि समोर शून्य लिहिले. या शून्याविरुद्ध माझे अपील रीतसर चालू आहे, त्यासाठी हे पत्र नाही. समितीसमोर त्या दिवशी आलेल्या मराठी माध्यमातल्या इतर फायलींचेही असेच झाले, म्हणून आहे.

केअर यादी गेली याचे मला सुतक नाही. ती का आली हेही आम्ही विसरलेलो नाही. २०१० च्या नियमांनी एपीआय ही गुण मोजायची पद्धत आणली, शिक्षकाच्या बढतीला लेखांची संख्या बांधली आणि पैसे घेऊन लेख छापणारी दुकाने रातोरात उघडली. जानेवारी २०१७ मध्ये तुम्ही मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. त्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ पुण्यातल्या अभ्यासकांनी तपासली आणि त्यातली ८८ टक्के कमअस्सल निघाली. तो अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात तुम्ही ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकली. मग पुण्यातच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे काम सोपवून केअर आली. तिच्यात दोष होते. नाव चोरून बनावट संकेतस्थळ काढणाऱ्यांनी तिलाही सोडले नाही, आणि नियतकालिकाचा अर्ज कुठे अडला आहे हे वर्ष वर्ष कळत नसे. पण भारतीय भाषांतल्या नियतकालिकांकडे कोणीतरी बसून, अंक हातात घेऊन बघत होते. एवढे एक काम ती करत होती.

तिच्या जागी तुम्ही सुचवणीवजा निकष दिले आणि संस्थांनी आपापली पद्धत ठरवावी असे सांगितले. कागदावर हे स्वायत्ततेचे वाटते. प्रत्यक्षात काय होते ते ज्याने कधी आयक्यूएसीचे, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाचे, काम केले आहे त्याला विचारा. स्वतः निकष लावून एखादे नियतकालिक चांगले ठरवले तर उद्या सहसंचालक कार्यालयातून किंवा माहितीच्या अधिकारातून प्रश्न आला की उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या कोणाची तरी तयार यादी पुढे केली की उत्तर द्यावे लागत नाही. म्हणून जो तो स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या परदेशी विदापेढ्यांकडे (डेटाबेसकडे) वळला. तुम्ही असा आदेश काढलेला नाही हे मला मान्य आहे. पण तुम्ही रिकामी सोडलेली जागा कशाने भरली जाणार हे न कळण्याइतका आयोग नवखा नाही. शिवाय एनआयआरएफ ही उच्च शिक्षणसंस्थांची केंद्रीय क्रमवारी २०१६ पासून मुख्यतः या दोन विदापेढ्यांतून लेख आणि उद्धृते, म्हणजे एका लेखाचे दुसऱ्यांनी दिलेले संदर्भ, मोजते. क्रमवारी तुमच्या थेट अखत्यारीत नसेल, पण कुलगुरूंच्या टेबलावर तुमची सूचना आणि तो निकाल शेजारी शेजारीच असतात.

आता या दोन विदापेढ्यांत मराठी का नाही ते बघा. स्कोपस ही एल्सव्हिअर या डच प्रकाशन कंपनीने २००४ साली सुरू केलेली सेवा. वेब ऑफ सायन्सचे मूळ त्याहून जुने, फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांच्या उद्धृतसूचीत. ग्रंथपालांनी वर्गणी कोणत्या नियतकालिकांची भरावी आणि एका लेखावरून दुसरा कसा शोधावा, यासाठी ती निघाली. मराठी प्राध्यापकाची बढती ठरवण्यासाठी ती नव्हती आणि तसा दावाही तिने केला नव्हता. स्कोपसमध्ये यायचे तर नियतकालिकाने लेखाचे शीर्षक आणि सारांश इंग्रजीत द्यावा लागतो आणि संदर्भ रोमन लिपीत. म्हणजे मराठी ग्रंथांची, मराठी वृत्तपत्रांची, जिल्हा परिषदेच्या अहवालांची माझी संदर्भसूची आधी रोमनमध्ये उतरवायची. ‘वाई’ची स्पेलिंगे किती होतात आणि ‘गाडगीळ’ची किती, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. यंत्राच्या दृष्टीने ते चार वेगळे लेखक होतात.

आणि हा अडथळा पार केला तरी पुढचा आहे, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. आमची बहुतेक नियतकालिके वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवली गेली. छापील पानावर अक्षर सुंदर दिसते. पण त्याची पीडीएफ संगणकावर टाकून एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून बघा: देवनागरीऐवजी स्वल्पविराम, कंस, टोप्या घातलेली रोमन अक्षरे, असला कचरा येतो. शोधयंत्राला तोच कचरा दिसतो. ‘उचल’ शोधले तर माझा लेख सापडणार नाही, कारण यंत्राच्या लेखी त्या पानावर ‘उचल’ नाहीच. त्यात आमची तळटिपा द्यायची रीत ‘तत्रैव’ आणि ‘उपरोक्त’ची. मराठी संशोधक एकमेकांना उद्धृत करत नाहीत असे चर्चासत्रांतून ऐकू येते. करतात. मोजणाऱ्याला ते वाचता येत नाही. हे काम पैशाने आणि दोन-तीन वर्षांच्या चिकाटीने सुटणारे आहे, त्याला धोरणात्मक चिंतन वगैरे लागत नाही.

दुसरी तक्रार इम्पॅक्ट फॅक्टरची. तुमच्या जुलै २०१८ च्या नियमांतल्या तक्त्यात इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या संदर्भित नियतकालिकातल्या लेखाला ५ वाढीव गुण, तो एकपेक्षा कमी असेल तर १०, आणि दहाच्या वर असेल तर ३०. हा आकडा मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती उद्धृते मिळाली ते सांगतो. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे हा मोठा काळ असेल. समाजशास्त्रात क्षेत्रकार्यालाच तेवढा जातो. दहाच्या वर आकडा असलेले समाजशास्त्राचे नियतकालिक दिवा घेऊन शोधावे लागते, त्यामुळे ३० गुणांची ती ओळ आमच्यासाठी नाहीच. गंमत म्हणजे हा आकडा ‘थॉमसन रॉयटर्स’च्या यादीप्रमाणे धरावा असे त्या नियमांत म्हटले आहे; तो व्यवसाय थॉमसन रॉयटर्सने २०१६ मध्येच विकला होता आणि यादी क्लॅरिव्हेट काढत होती. ज्या आकड्यावर माणसांच्या बढत्या ठरणार तो कोण छापतो, हेही कोणी तपासले नव्हते.

दोन वर्षांच्या खिडकीचे काय करायचे ते बाबासाहेबांच्या एका निबंधावरून बघू. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या वर्गात पंचविशीतल्या आंबेडकरांनी भारतातल्या जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. तो मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला, म्हणजे भारतातल्या नियतकालिकात. आज जगभरच्या समाजशास्त्राच्या वाचनयाद्यांत तो असतो. तो तिथे पोचायला दोन वर्षे नव्हे, कैक दशके गेली. १९१९ साली एखाद्या छाननी समितीने त्याचा प्रभाव मोजला असता तर काय लिहिले असते?

आता ‘आंतरराष्ट्रीय’ या अपेक्षेविषयी. माझा विरोध परदेशी वाचकाला नाही. माझ्या विषयात ब्राझीलच्या ऊसमळ्यांवरचे काम वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि त्यांनी आमचे वाचावे असे मलाही वाटते. पण हा व्यवहार कसा होतो ते सांगतो. शिकागोच्या एका वस्तीवर लेख लिहिणाऱ्याला शीर्षकात ‘अमेरिका’ लिहावे लागत नाही. बीडवर लिहिणाऱ्याने ‘भारत’ लिहायचे, आणि लेखाच्या पहिल्या पानावर बीडचे उदाहरण महत्त्वाचे का, याचा खुलासा करायचा. मग उसाचा फड मागे पडतो आणि परदेशी विभागांत त्या वर्षी चालू असलेली संकल्पना पुढे येते. उचलीचा तक्ता परिशिष्टात जातो किंवा जागेअभावी गळतो. लेख छापून येतो, गुण मिळतात, आणि ज्या तालुक्यावर तो आहे त्या तालुक्यात तो वाचायचे म्हटले तर वर्गणीची भिंत आडवी येते. तरुण संशोधकांना हे लवकर कळते. ते विषयच असा निवडतात की खुलासा कमीत कमी करावा लागेल. मोजपट्टीने संशोधन वाकवण्याची ही जागा मला सर्वांत जास्त धोक्याची वाटते. वाईट लेख छापले जातात ते दिसतात तरी; जे प्रश्न कोणी विचारायला घेतलेच नाहीत ते कोणत्याच आकड्यात दिसत नाहीत.

बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, परदेशी वृत्तपत्रांपर्यंत गेला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. संख्या कळायला सरकारी समिती बसावी लागली. फडावर काम करणाऱ्या कार्यकर्त्या हे आधीपासून सांगत होत्या, मराठीत लिहीतही होत्या. अशा विषयावर वेळेत, आकडेवारीसह, इथल्या लोकांना वाचता येईल असे काम करावे यासाठी विद्यापीठीय व्यवस्थेने संशोधकाला एकही गुण ठेवलेला नाही.

तुम्ही म्हणाल, मग सामाजिक संशोधनाचा प्रभाव मोजायचा तरी कशाने? उत्तर लांब शोधायला नको. तुमच्या शेजारच्या सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचा इतिहास बघा. १९६९ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी केली, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्यानंतर जे झाले, त्यात चांगले किती आणि वाईट किती यावर मी तुमच्याशी दिवसभर वाद घालीन, कारण त्याच साखरेच्या तळाशी माझे ऊसतोड कामगार आहेत. पण परिणाम झाला की नाही, याबद्दल वाद होऊच शकत नाही.

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर केलेला अभ्यास मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. दरडोई दररोज २,२५० उष्मांक हा त्यातला आधार पुढे वर्षानुवर्षे जगभरच्या दारिद्र्याच्या वादात वावरला. हेच दांडेकर १९८३ मध्ये महाराष्ट्रातल्या प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती चालवत होते. कोणत्या जिल्ह्यात किती रस्ते, किती सिंचन, किती शाळा, हे राज्याच्या सरासरीशी ताडून त्या समितीने ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा १,२४६ कोटींचा, मराठवाड्याचा ७५० कोटींचा. आमच्या भागात त्या अहवालावर निवडणुका लढल्या गेल्या, विधिमंडळात रणे माजली, राज्यपालांच्या निधीवाटपाच्या निर्देशांपर्यंत तो विषय गेला. तो अहवाल आज माझ्या फाईलीत असता तर ‘कशात इंडेक्स्ड आहे?’ या प्रश्नाला त्याचेही उत्तर माझ्यासारखेच असते. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची केलेली पाहणी डेक्कन कॉलेजने १९६९ मध्ये पुस्तकरूपाने काढली. धरणग्रस्तांवर काम करणारा माणूस आजही तिथून सुरुवात करतो. तुमच्या तक्त्यात त्याला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशक म्हणून. तेच परदेशी प्रकाशकाने काढले असते तर १२. हा दोन गुणांचा फरक कशाचा, हे मला एकदा समजावून सांगा.

एकस्वांबद्दल (पेटंटबद्दल) लिहायचे सोडून देणार होतो, पण राहवत नाही. एनआयआरएफ क्रमवारीच्या संशोधन विभागात एकस्वांना वेगळे गुण आहेत. त्यामुळे आमच्याकडे सामाजिक शास्त्रांच्या प्राध्यापकांनी ‘डिझाईन’ नोंदवून आणायची टूम निघाली आहे. त्यात काय असते ते विचारू नका.

पैशाचेही बोलू. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. योजना चांगली आहे. माझ्या तालुक्यातल्या विद्यार्थ्याला जे कधी वाचायला मिळाले नसते ते मिळावे, यात तक्रार कसली? पण हा सगळा खर्च दुसऱ्यांचे वाचण्यासाठी आहे. आपले लिहिलेले दुसऱ्याला सापडावे यासाठी काय ठेवले आहे? अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या २०२३ च्या कायद्यात सामाजिक शास्त्रे आहेत, पण विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे त्यांचा संबंध येतो तेवढ्यापुरती. उसाच्या तोडणीयंत्रावर मला कदाचित प्रकल्प मिळेल. यंत्र आल्यावर कोयता खाली ठेवणारा कुठे जातो, यावर मिळेल की नाही शंका आहे.

बाहेरचे देश हा प्रश्न कसा सोडवतात ते तुमच्या तज्ज्ञ समित्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ब्राझीलने १९९०च्या दशकाच्या शेवटी सायएलो उभारले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश नियतकालिके मोफत, शोधता येतील अशी एका जागी आणली आणि त्यांची उद्धृते स्वतः मोजली. चीनमध्ये नानजिंग विद्यापीठाने चिनी सामाजिक शास्त्रांची स्वतंत्र उद्धृतसूची केली. नॉर्वेची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. त्यांच्या मोजमापात पुस्तके आणि नॉर्वेजियन नियतकालिके पहिल्यापासून धरली जातात. ब्रिटनने २०१४ च्या मूल्यमापनात संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम प्रकरणवार लिहून मागवला आणि त्याला २० टक्के वजन दिले. २०२१ मध्ये ते २५ केले. तिथले प्राध्यापक त्या कागदपत्रांना कंटाळले आहेत हे खरे. पण निदान कोणीतरी विचारते तरी. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला मोजमापात संरक्षण द्यावे, हे संशोधनाच्या मोजमापाविषयीच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातले तिसरेच तत्त्व आहे.

एक आक्षेप मला दिसतो. मराठीच्या नावाखाली सुमार माल खपेल. खपेल, नव्हे खपतो आहे. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, त्याचा जाडजूड विशेषांक, मुखपृष्ठावर ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय’, आत दीड-दीड पानांचे ‘शोधनिबंध’ आणि नोंदणी शुल्कात जेवणासह प्रमाणपत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर अठ्ठेचाळीस तासांत स्वीकृतीची हमी देणारे निरोप मला आठवड्याला येतात. त्यातले बरेचसे इंग्रजी नियतकालिकांचे असतात, हेही नोंदवून ठेवतो. सुमार मराठी संशोधनाला मी तुमच्यापेक्षा जास्त वैतागलेलो आहे, कारण त्याच्या शेजारी मला बसवले जाते. कडक परीक्षण ठेवा. दोन अनामिक परीक्षक, त्यांचे अभिप्राय जतन केलेले, विदा मागितली तर दाखवायची सक्ती, चोरी सापडली तर लेख मागे घेतल्याची जाहीर नोंद. आमची चांगली नियतकालिके याला आनंदाने तयार होतील. आज त्यांना नापास करायलाही कोणी वाचत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये तुम्ही शिक्षक नियुक्तीच्या नव्या नियमांचा मसुदा जाहीर केलात. गुणांच्या बेरजेऐवजी नऊ प्रकारच्या लक्षणीय योगदानांचा विचार करायची त्यातली दिशा मला योग्य वाटते. भारतीय भाषांतल्या अध्यापनाला त्या यादीत स्वतंत्र जागा आहे, नवउद्योगालाही आहे. भारतीय भाषांतल्या सामाजिक संशोधनाला तशी जागा नाही. शिकवायचे मराठीत, पण शिकवण्यासारखे जे नवीन ते मात्र इंग्रजीत तयार होऊन येणार, असा याचा अर्थ होतो.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या यांच्या नेमणुका, बढत्या आणि मार्गदर्शक मान्यता यांसाठी केवळ स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समधील नोंद ही अट कोणत्याही विद्यापीठाला घालता येणार नाही, असे परिपत्रक आयोगाने काढावे. याला पैसा लागत नाही, एक पान लागते.

२. २०१८ च्या तक्त्यातील इम्पॅक्ट फॅक्टरवर आधारित वाढीव गुण सामाजिक शास्त्रांसाठी रद्द करावेत, आणि राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय प्रकाशक हा गुणभेदही काढावा.

३. भारतीय भाषांतील संशोधन नियतकालिकांसाठी इन्फ्लिबनेट या आयोगाच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे खुला, शोधता येणारा मंच उभारावा. त्यात जुन्या अंकांचे युनिकोडमध्ये रूपांतर, प्रत्येक लेखाला डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) आणि देवनागरीसह सर्व भारतीय लिप्यांतील संदर्भांची उद्धृतसूची असावी. प्रबंधांसाठी शोधगंगा याच संस्थेने चालवून दाखवली आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’च्या एक टक्का म्हणजे ६० कोटी, तेवढ्या तरतुदीपासून सुरुवात करावी.

४. प्रत्येक भाषेसाठी कार्यरत अभ्यासकांचे परीक्षक मंडळ नेमावे. त्याने नियतकालिकांचे अंक प्रत्यक्ष वाचून दर तीन वर्षांनी आपला निर्णय कारणांसह जाहीर करावा. नाकारलेल्यांचीही कारणे द्यावीत.

५. शिक्षकाने आपल्या निवडक तीन ते पाच कामांचा परिणाम पुराव्यासह मांडावा आणि समितीने ती कामे वाचून मत लिहावे, ही पद्धत बढतीत आणावी. शासनाच्या समितीने, न्यायालयाने, ग्रामसभेने किंवा संघटनेने संशोधन वापरले असेल तर तो पुरावा ग्राह्य धरावा.

६. सामाजिक शास्त्रांच्या विभागांना एकस्वांच्या निकषातून वगळावे, अशी शिफारस आयोगाने शिक्षण मंत्रालयाला करावी.

पहिली मागणी पुढच्या कॅस शिबिरांच्या आधी मान्य होऊ शकते. बाकीच्यांना वेळ लागेल हे आम्हाला कळते. यांपैकी काय मान्य, काय अमान्य आणि अमान्य असेल तर का, हे आयोगाने आपल्या संकेतस्थळावर लेखी द्यावे. परिषदेकडूनही स्वतंत्र उत्तराची अपेक्षा आहे, कारण देशाच्या सामाजिक संशोधनाचा आढावा घेणे हे तिच्या स्थापनेपासूनचे काम आहे आणि भारतीय भाषांतले संशोधन बाजूला ठेवून केलेला आढावा अर्धाच राहतो.

आपला,
समाजशास्त्राचा एक प्राध्यापक
मराठवाडा